डावा मडगार्ड

"आधी डावा मडगार्ड बघ, हणमा. बाकीचं मागनं," वहिनीसाहेब म्हणाल्या. त्या शेडच्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. आत पाऊल टाकलं नव्हतं.

मी ऑस्टिनच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलो होतो. चाक कसलं, टायर भुईला चिकटून त्याचा भुगा झाला होता. हातोडीच्या दांड्यानं मी पत्रा ठोकून बघत होतो. गंज खोलवर गेला असला की पत्रा भिजल्या पुठ्ठ्यासारखा बोलतो.

"मडगार्डाचं काय घिऊन बसलाय, वहिनीसाहेब?" मी म्हणालो. "गाडी खालनं मरती. चासी गेली असंल तर मडगार्ड सोन्याचा असून उपेग न्हाई."

"चासी बघ, सगळं बघ. पण तो मडगार्ड उघडून पाहिल्याशिवाय हो म्हणू नकोस आणि नको असंही म्हणू नकोस. उघडायचा तोही तुझ्या हातानं. दुसऱ्या कुणाला लावू नकोस."

त्यांचा मुलगा उदयबाबा बॉनेटला टेकून उभा होता. तो म्हणाला, "आई, तू आता डेंटिंगचं दुकानच काढ. हणमंतमामांना गिऱ्हाईक राहायचं नाही."

वहिनीसाहेब हसल्या नाहीत. बंगल्याकडे गेल्या आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसल्या. तिथून शेडचं दार समोर दिसत होतं.

सरनाईकांचा हा बंगला कोल्हापुरातून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्याला, कळंब्याच्या अलीकडे. दत्ताजीराव सरनाईक लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांना सगळे मालकच म्हणायचे. ते वारले आणि वर्षश्राद्ध झाल्यावर उदयबाबानं शेडचं कुलूप तोडलं. मालक असेपर्यंत ते कुलूप कुणासाठी निघालं नव्हतं. गाडी विकायचं नाव काढलं तरी त्यांचं डोकं फिरायचं, आणि दुरुस्त करा म्हटलं तरीही.

"दसऱ्याला आईला ह्या गाडीतनं दसरा चौकात न्यायचं, मामा," उदयबाबा म्हणाला. "सोनं लुटायला. बाबांची एवढी लाडकी गाडी, आणि मी एकदाही तिच्यात बसलो नाही. जन्मल्यापासून कुलूपच बघतोय."

"लाडकी असती तर अशी कुजाय ठेवली असती का?"

"जास्तच लाडकी असेल. आमच्या बाबांचं तसंच होतं. मलाही कुलपातच ठेवायचे."

मी हसलो. उदयबाबाशी माझं असं चालायचं. त्याला कारण त्याचे वडील. मी घिसाड्याचं पोर. रस्त्याच्या कडेला पाल टाकायचं, भाता लावायचा, गावच्या विळ्या-खुरप्यांना पाणी द्यायचं, आठ दिवसांनी पुढचं गाव. बाप तापानं गेला होता. माझे दुधाचे दात पडायला लागले होते तेव्हा कळंब्याच्या तळ्याजवळ आमचं पाल होतं, आणि एका पहाटे आई पाणी आणायला रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेली. ट्रक थांबला नाही. चुलते पाल उचलून पुढं निघाले तेव्हा मला मालकांनी उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींच्या हवाली केलं. पत्र्याच्या कामात त्यांच्यासारखा हात त्या वेळी कोल्हापुरात नव्हता. मी त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी मला पोटच्या पोरासारखं वाढवलं, हातोडी धरायला शिकवलं, आणि जाताना दुकान माझ्या नावावर ठेवून गेले.

म्हणून दर दसऱ्याला माझं पहिलं सोनं सरनाईकांच्या बंगल्यात. मालक गळ्यात हात टाकून सोनं घ्यायचे. वहिनीसाहेब मात्र, "तिथं मेजावर ठेव, हणमा," म्हणायच्या. पाया पडायला वाकलो की पाय मागं घ्यायच्या. मी मनात म्हणायचो, चालायचंच. घिसाडी तो घिसाडी.

गाडीखाली पोतं टाकून मी उताणा आत सरकलो. बॅटरीच्या उजेडात सांगाडा बघितला. वरचा थर खवल्यांसारखा पडत होता, पण हातोडी मारली तशी चासी खणखणली. मला बरं वाटलं. फळ्यांचा तळ गेला होता, दारांच्या खालच्या कडा गेल्या होत्या, डिकीचं झाकण चाळणी झालं होतं. ते सगळं होण्यासारखं होतं.

"मामा, काय म्हणती?" वरून उदयबाबानं विचारलं.

"जित्ती हाय," मी म्हणालो. "हाडं चांगली हायती. कातडं घालाय लागंल."

"मग हो म्हणायचं?"

"थांबा. आईसाहेबांचा मडगार्ड ऱ्हायलाय."

मी पुढं सरकलो आणि डाव्या मडगार्डाच्या आत बॅटरी धरली. जुन्या मातीचा थर बसला होता. मी पटाशीनं कडेची थोडी माती खरवडली. पत्र्याच्या आतल्या अंगाला, बत्ताशाएवढी, शिशाची एक गोल टिकली होती.

मी हात काढून घेतला. तसाच पडून राहिलो.

चाचांचा एक नेम होता. ज्या गाडीनं माणूस घेतलं त्या गाडीचं काम ते नाकारायचे नाहीत, पण मजुरीला शिवायचे नाहीत. काम झालं की लागलेल्या पत्र्याला आतून भोकाचा एक पैसा लावायचे आणि वर शिशाची टिकली बसवायचे. तो पैसा गेलेल्याचा. पुढं कधी, कुणाच्याही हातून तो पत्रा उघडला, तर उघडणाऱ्यानं पैसा गेलेल्याच्या घरी नेऊन द्यायचा आणि कुठल्या गाडीतून निघाला ते सांगायचं. त्यांचे वडील बग्ग्यांची कामं करायचे, तेव्हापासून त्यांच्या घरात हा नेम होता. मी दुकानात वाढलो त्या सगळ्या काळात चाचांना ही टिकली बसवताना फार थोड्या वेळा पाहिलं. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत.

"मामा, झोपलात का काय?"

मी बाहेर आलो. "बाबा, ह्या गाडीनं कुणाला उडीवलं हुतं?"

"आमच्या गाडीनं?" उदयबाबाला हसू आलं. "ही गाडी शेडच्या बाहेर आलेली मी पाहिली नाही. बाबा तर सायकलवाल्यालाही आधी जाऊ द्यायचे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी ब्लोलॅम्प पेटवला आणि पुन्हा खाली गेलो. शिसं लवकर सुटतं. आधी कडेनं चमकलं, मग ओलं झालं, मग थेंब थेंब मातीत पडायला लागलं. शेवटी त्यातून काहीतरी सुटून माझ्या खांद्याजवळ पडलं. भोकाचा तांबडा पैसा. मी फडक्यात धरून तो बाहेर आणला.

चाचा इथं आले होते. ह्याच शेडमध्ये, ह्याच गाडीखाली. आणि मला कधी एका शब्दानं बोलले नव्हते. मालकांची गाडी म्हणून मला सांगायला काय हरकत होती, ते मला कळेना.

मी व्हरांड्यासमोर गेलो. उदयबाबा मागं होता. वहिनीसाहेब खुर्चीत ताठ बसल्या होत्या, जशा सकाळपासून.

"बघितलास?"

"बघितला." मी फडकं उघडून पैसा तळहातावर घेतला. अजून कोमट होता. "ह्यो चाचांचा हात हाय, वहिनीसाहेब. ह्या गाडीखाली माणूस गेलंय."

"काहीतरीच काय, मामा," उदयबाबा म्हणाला.

"चाचांचा नेम हाय, बाबा. उगं न्हाई लावायचे ते." मी पुन्हा वहिनीसाहेबांकडे वळलो. "ह्यो पैसा गेलेल्याच्या घरी द्यावा लागतो. कुणाचं घर ते सांगा. आजच पोचवतो."

त्या माझ्या तळहाताकडे बघत होत्या.

"पोचला तो," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. मी म्हणालो, "कसा पोचला? माझ्या हातात हाय की."

"हो. तुझ्याच हातात आहे."

बागेतला नळ गळत होता. खाली दगडावर थेंब पडत होता. याचा वायसर बदलायला पाहिजे, असं माझ्या मनात आलं. खरंच, एवढंच आलं. चामड्याचा वायसर दुकानात आहे, येताना आणावा. मग मी पैशाकडे बघितलं. त्याच्या भोकातून माझा तळहात दिसत होता.

"माझी आई ट्रकखाली गेली," मी म्हणालो.

"ट्रक नव्हता, हणमा."

"चाचांनी सांगितलं ट्रक हुता. मालकांनी सांगितलं. चुलत्यांनी…"

"चुलत्यांना मालकांनीच सांगितलं. सकाळी सगळ्यांच्या आधी ते तुमच्या पालावर गेले होते."

ते मला आठवत होतं. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तो हात मी माझ्या बायकोला सांगितला होता, पोरांना सांगितला होता. एवढा मोठा माणूस, पण चिखलात उभा राहून घिसाड्याच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. कितीदा सांगितलं असेल.

"बाबांनी?" उदयबाबानं विचारलं. "बाबांच्या हातनं झालं?"

"नाही," वहिनीसाहेब म्हणाल्या. "मी चालवत होते."

"तुला गाडी कुठं येते?"

"शिकत होते. मालक शिकवत होते. पहाटे न्यायचे, म्हणजे सरनाईकांची सून गाडी चालवताना कुणी बघायला नको." त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते, आणि बोलताना फक्त बोटं हलत होती. "मला फार आवडायचं. आदल्या रात्री झोप यायची नाही. त्या दिवशी तळ्याच्या वळणावर ती डावीकडून आली. कमरेवर घागर होती. मला ब्रेक ठाऊक होता. पाय पडला तो दुसऱ्यावर."



"मग?" मी विचारलं.

"मग गाडी थांबली. मालकांनी मला बाजूला सरकवलं आणि स्वतः घेतली."

"माघारी तिच्याकडं?"

"घरी."

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून आलं. "ती जित्ती हुती?"

 नळाचे थेंब पडत राहिले.

"मी उतरले नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही."

उदयबाबा पायरीवर खाली बसला. चाळिशीला आलेला माणूस, पण शाळेच्या पायरीवर पोर बसतं तसा गुडघे जवळ घेऊन. तो आईकडेही बघत नव्हता आणि माझ्याकडेही.

"आन् चाचा?" मी म्हणालो.

"दस्तगीरला मालकांनी इथंच बोलावलं. गाडी दुकानात न्यायची सोय नव्हती. काम झाल्यावर मालक मजुरी द्यायला लागले तर तो म्हणाला, मजुरी नको. त्या बाईचं पोर मागं राहिलंय असं ऐकतो, ते मला द्या."

"मालकांनी दिलं मला. मालकांनी माझं भलं केलं."

"मालक तुला मिरजेच्या अनाथाश्रमात घालणार होते. दस्तगीर अडून बसला."

एका बाजूनं माझे मालक गेले आणि दुसऱ्या बाजूनं चाचा. उभ्या उभ्या. मला वाटलं बसावं, पण बसलो नाही. त्या व्हरांड्यात मी कधी बसलो नव्हतो.

"मालकांनी माझ्याकडून शपथ घेतली होती," त्या म्हणाल्या. "ते असेतोवर मी पाळली. आता उदयनं कुलूप तोडलं. मी म्हटलं, ह्या गाडीचं काय करायचं ते हणमानंच सांगावं. पण आधी त्याला ती कळायला पाहिजे. मला तोंडानं सांगवेना, हणमा. दस्तगीरनं आत पैसा लावलाय ते मला ठाऊक होतं, म्हणून मडगार्ड उघड म्हटलं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"मालकांनी विचारलं नव्हतं. आणि मी कुणाला विचारणार?"

नाव माझ्या जिभेवर होतं. आलं नाही. मी पैसा मुठीत धरला, हत्यारांची पिशवी तिथंच शेडमध्ये टाकली आणि फाटकाबाहेर पडलो. उद्यमनगरापर्यंत चालत आलो. तळं मागं राहिलं होतं, तिकडं मान वळवली नाही.

दुकानाच्या मागं दोन खोल्यांत चाची राहायच्या. चाचांच्या मागं मी त्यांना तिथून हलू दिलं नव्हतं. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण पावलावरून माणूस ओळखायच्या.

"हणमा, पिशवी कुठं विसरलास? हातात काही वाजत नाही तुझ्या."

मी त्यांच्या हातात पैसा दिला. त्यांनी अंगठ्यानं भोक चाचपलं. मग पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"सरनाईकांच्या गाडीतला?" त्यांनी विचारलं.

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. घरात मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या ताटात मी जेवलो त्या ताटाला ठाऊक होतं.

"ट्रक का सांगितला मला?" मी म्हणालो. "किती वर्सं ट्रकवाल्यासंगं पाणी प्यालो न्हाई मी. ट्रकचं काम आलं की दुसऱ्याकडं धाडायचो. चाचा बघत हुते की. कधी म्हणाले न्हाईत, हणमा, सोड."

"रोज म्हणायचे, उद्या सांगतो," चाची म्हणाल्या. "तू लहान होतास, तवा म्हणायचे जरा मोठा होऊ दे. मोठा झालास, तवा म्हणायचे लगीन होऊ दे. मग तुझी पोरं झाली. मी म्हटलं, अहो, आता तरी. तर म्हणाले, आता सांगितलं तर तो मला चाचा म्हणायचा नाही."

"आन् पैसा कशाला लावला मग? गपच बसायचं हुतं."

"ते मला काय ठाऊक, बेटा. नेम होता. नेम कसा मोडणार?" त्यांनी पैसा माझ्या हातात परत दिला. "जेवणार आहेस का?"

मी जेवलो नाही. त्या आठवड्यात मी चाचांची हातोडी हातात घेतली नाही. तिच्या दांड्याला त्यांच्या आणि माझ्या हातानं पडलेली एकच खाच होती. दुसऱ्या हातोडीनं काम केलं आणि दोन गाड्यांचा पत्रा बिघडवला. गिऱ्हाईक म्हणालं, मिस्त्री, डोळे तपासून घ्या.

मग एका सकाळी वखारीतला माणूस सायकलवर आला. उदयबाबानं भंगारवाल्याला बोलावलंय, वहिनीसाहेब म्हणाल्यात हणमाला सांगून ये.

मी पोचलो तेव्हा फाटकात टेम्पो उभा होता. गाडी शेडच्या बाहेर ओढून काढली होती. पहिल्यांदाच ती उन्हात बघत होतो. मूळ रंग गर्द हिरवा, तो आता फक्त दारांच्या कडांना राहिला होता. भंगारवाल्याची माणसं दोर आवळत होती. वहिनीसाहेब व्हरांड्यात नव्हत्या. त्या गाडीच्या पुढं उभ्या होत्या, बॉनेटला हात लावून, आणि माणसं त्यांच्याकडे बघत थांबली होती.

उदयबाबाचे गाल बसले होते. "मामा, बरं झालं आलात. आईला सांगा. ही गाडी मला डोळ्यांसमोर नको. आज जाऊ दे. संध्याकाळपर्यंत तिचे तुकडे होतील."

"हणमा म्हणेल तसं," वहिनीसाहेब म्हणाल्या.

"आई, त्यांना कशाला विचारतेस? त्यांनी काय सांगायचं? कुठल्या तोंडानं विचारायचं आपण त्यांना?"

"त्यालाच विचारायचं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, भंगारवालासुद्धा. मी गाडीभोवती एक फेरी मारली. का मारली ते सांगता येत नाही; बहुतेक हाताला सवय म्हणून. चासी मला आधीच कळली होती. खोटं सांगितलं असतं की चासी गेली, तर कुणी विचारलं नसतं. भंगारवाल्यानं ती रात्रीच्या आत कापली असती.

"गाडी हुईल," मी म्हणालो.

उदयबाबा म्हणाला, "होईल हो, पण…"

"चासी चांगली हाय. घोड्यागत धावंल. मी करतो." आवाज माझाच होता, पण दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. "भंगारात दिली तर तुकडं हुतील, तुकड्यांचा पत्रा हुईल, त्याची कुणीतरी पाटी करंल. कुणाला काय दिसणार? शेडात हुती तवा बी कुणाला दिसत नव्हती."

वहिनीसाहेबांनी बॉनेटवरचा हात काढला.

"फकस्त त्यो मडगार्ड मी माझ्या मनानं करणार," मी म्हणालो. "त्यात कुणी बोलायचं न्हाई."

"कुणी बोलणार नाही," त्या म्हणाल्या.

"आन् तिचं नाव धुरपदा. धुरपदा साळुंखे."

त्यांनी ते नाव एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. टेम्पोवाला दोर सोडायला लागला.

गाडी दुकानात आल्यावर मी बाकी सगळं आधी केलं. तळ घातला, दारं शिवली, डिकीला नवीन पत्रा लावला. उदयबाबा अधूनमधून येऊन बाकावर बसायचा. पहिल्यासारखी थट्टा करायचा नाही. एकदा म्हणाला, "मामा, आईशी बोलायला लागलो की शब्दच सापडत नाहीत."

मी म्हणालो, "माझं बी चाचांसंगं तसंच चाललंय. ते तर मेल्यात. तुमची आई जित्ती हाय. बसत जावा तिच्याजवळ."

शेवटी डावा मडगार्ड राहिला. चाची दाराशी येऊन बसल्या. मी ब्लोलॅम्प पेटवला आणि बाहेरच्या अंगाचं चाचांचं शिसं उतरवायला घेतलं. त्यांचं भरण असं की बोट फिरवलं तरी जोड लागायचा नाही. शिसं थेंबाथेंबानं खाली आलं, आणि आतला पत्रा उघडा पडला.

पोचा तसाच होता.  चाचा कसलाही पोचा हातोडीनं असा वर उचलायचे की शिशाची गरज जेमतेम लागायची. भरण करणारे आळशी, असं मला शिकवलेलं. आणि ह्या पोच्यावर त्यांनी हातोडी टाकलीच नव्हती. एक घाव नाही. वरून शिसं भरून झाकला होता नुसता. आत तो त्या पहाटेचाच होता, गोल, घागरीच्या पोटाएवढा. आईची घागर पत्र्याची होती, तिनंच जोडलेली. चुलत्यांनी उचलून आणली तेव्हा एका अंगानं चपटी झाली होती. मी त्या खड्ड्यात तळहात ठेवला. तो मावून भोवती जागा उरली.

"काय झालं?" चाचींनी विचारलं.

"चाचांनी ह्याला ठोकला न्हाई."

 मी उठून कोपऱ्यातून चाचांची हातोडी घेतली. पोच्याच्या कडेला जिथं गंजानं पत्रा फाटला होता तेवढाच तिच्यानं सारखा केला. आत काही भरलं नाही. बाकी गाडीबरोबर त्यालाही हिरवा रंग दिला, तसाच खोल. पैसा परत लावला नाही. तो पोचला होता. माझ्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी तो आजही आहे.

दसऱ्याला संध्याकाळी मी सोनं घेऊन बंगल्यावर निघणार, तेवढ्यात ऑस्टिनच दुकानासमोर येऊन थांबली. उदयबाबा चालवत होता. वहिनीसाहेब पुढं, डाव्या बाजूला बसल्या होत्या. तिथून काचेतून सरळ तोच मडगार्ड दिसतो. त्या खाली उतरल्या. मी सोनं पुढं केलं. त्यांनी दोन्ही हातांत घेतलं. मी पाया पडलो नाही.

आजूबाजूच्या दुकानांतली माणसं गाडी बघायला जमली. काय झाली गाडी, काय झळकतीय, असं चाललं होतं. शेजारचा वेल्डिंगवाला तुकाराम कानडे पुढं झाला, मडगार्डावर वाकला आणि माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "हणमंतराव, एवढी सोन्यासारखी गाडी केलासा, आन् ह्यो खड्डा कुणासाठी ठेवला? म्हातारपण आलं म्हणायचं."

लोक हसले. उदयबाबानं मान खाली घातली. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होतो.

"धुरपदा साळुंखे," वहिनीसाहेब म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "कळंब्याच्या तळ्यापाशी पाल होतं त्यांचं. पाणी आणायला निघाली होती. मी चालवत होते."

हसू थांबलं. तुकारामनं मडगार्डावरचा हात उचलला आणि चटका बसल्यासारखा छातीशी धरला. रस्त्याच्या पलीकडे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, गाडी बाजूला घ्या म्हणून. वहिनीसाहेब तिथंच उभ्या होत्या, हातात आपट्याची पानं घेऊन. कुणीतरी आणखी विचारावं म्हणून थांबल्यासारख्या.